वादळाच्या आदल्या दिवशी शिडी नको: तयारीच्या नोंदी

१६ फेब्रुवारी

मागच्या हंगामातल्या वादळात पडवीचे दोन पत्रे गेले, मागच्या झाडाची फांदी कुंपणावर पडली आणि मधल्या खोलीत घोट्याएवढं पाणी आलं. त्याचं दुःख करून झालं. पण जे अजून डोळ्यांसमोरून जात नाही ते वेगळंच आहे. वादळ यायच्या आदल्या संध्याकाळी नवरा पडवीच्या पत्र्यावर पालथा पडून नायलॉनची दोरी बांधत होता आणि मी खाली शिडी धरून उभी होते. वारा एवढा सुटला होता की पत्र्याची कड हाताखाली फडफडत होती. दोरीचा उपयोग शून्य झाला. त्याला काही झालं नाही हे निव्वळ नशीब.

आज दोघांनी बसून त्या दिवसाची आठवेल तेवढी यादी काढली. २७ कामं भरली: गच्चीवरच्या कुंड्या खाली आणणं, पन्हळ साफ करणं, खिडक्यांवर प्लाय ठोकणं (प्लाय शोधण्यापासून सुरुवात), टाकीचं झाकण बांधणं, कागदपत्रं गोळा करणं, मेणबत्त्या शोधणं, त्या सापडल्यावर काडेपेटी शोधणं. प्रत्येकापुढे अंदाजे वेळ लिहिला. बेरीज साडेदहा तास. इशारा दोन दिवस आधी मिळाला होता, पण पहिला दिवस "बघू, वळेल दुसरीकडे" म्हणण्यात गेला.

म्हणून या वर्षीचं उद्दिष्ट एकच ठेवलं आहे. शेवटच्या दिवशीचं सगळं काम दोन माणसांत, दोन तासांत, शिडी न लावता व्हायला हवं. जे यात बसत नाही ते आधी संपवायचं. कपाटाच्या दाराला आतून मोठा कागद चिकटवला आणि दोन रकाने आखले: 'आता' आणि 'त्या दिवशी'. सध्या सगळी २७ कामं उजवीकडे आहेत.

२२ फेब्रुवारी

घराभोवती वही घेऊन फिरले. अंगणात उभं राहून स्वतःला एकच प्रश्न विचारत गेले की हे उडालं तर कुठे जाऊन आदळेल. प्लास्टिकच्या खुर्च्या, सायकल, कुत्र्याचं घर, रचून ठेवलेल्या विटा, उरलेल्या फरश्या, पत्र्याचा जुना तुकडा (मागच्या वर्षी गेलेल्यांपैकीच एक, 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेला). वादळात घराच्या काचा फोडतो तो बहुतेक वेळा आपलाच पसारा.

संध्याकाळी थोडं गणित केलं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण २५ किलो. ताशी १४४ ला तोच १०० किलो. आपली पडवी ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, म्हणजे १८ चौरस मीटर. पत्र्याचं वजन सगळं मिळून जेमतेम ८०-९० किलो, आणि वरून जाणारा वारा त्याला १,८०० किलोने वर ओढणार. एवढं लिहिल्यावर त्या नायलॉनच्या दोरीचं हसू आलं, मग आलेलं हसू गेलं.

बातम्यांत सांगतात तो वेगही सरासरीचा असतो, कुठे एका मिनिटाची, कुठे तीन, कुठे दहा मिनिटांची सरासरी. मध्येच येणारे झोत त्याहून बरेच जोराचे. तेव्हा १४४ हा आकडा भीती घालण्यासाठी घेतलेला नाही.

१ मार्च

मिस्त्री आले. पडवीपासून सुरुवात.

मला वाटत होतं प्रश्न पत्र्यांचा आहे. पत्रे ठीक आहेत. पत्रे धरणारे, इंग्रजी जे अक्षरासारखे वळलेले हुक गंजून निम्मे झालेत, त्यावरचे वायसर तडकलेत, आणि कडेच्या ओळीत तर एकाआड एक हुक गायबच आहे. वाऱ्याची ओढ सगळीकडे सारखी नसते. ती कडांना आणि कोपऱ्यांत सगळ्यात जास्त असते. आमच्याकडे मध्ये भरपूर हुक आणि कडेला तुटवडा, म्हणजे बरोबर उलटं.

मग खाली खाली बघत गेलो. पत्रा रिपेला हुकने धरलेला. रीप आडव्या तुळईला दोन खिळ्यांनी धरलेली, तेही सरळ मारलेले, म्हणजे वर ओढलं की जसे गेले तसे बाहेर येणारे. तुळई खांबावर एका खिळ्याने. आणि खांब? मिस्त्रींनी पहार घालून एक खांब जरासा उचलून दाखवला. तो नुसता दगडावर टेकवलेला होता. वीस वर्षं ही पडवी स्वतःच्या वजनावर उभी आहे. आजवर सगळ्यांनी तिच्यावर वरून काय पडेल एवढाच विचार केला, तिला खालून कोणी उचलेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

पत्रा, रीप, तुळई, खांब, जमीन. ही साखळी जिथे सगळ्यात कच्ची तिथे तुटणार. पत्र्याला दुप्पट स्क्रू मारले आणि तुळई तशीच ठेवली, तर पत्रे एकेक न जाता रिपांसकट सगळी पडवी एकदम जाईल. ते जास्त वाईट.

८ मार्च

पडवीचं काम झालं. तीन दिवस लागले, धरले होते दीड.

खांबांखाली ५० बाय ५० सेंटिमीटरचे, ६० खोल खड्डे घेतले. काँक्रीट भरून त्यात लोखंडी पाय बसवला आणि खांब त्याला बोल्टने जखडला. काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २,४०० किलो, म्हणजे एका खड्ड्यात ३६० किलो, चार खांबांत १,४४०. वरची ओढ १,८०० धरली आणि निम्मी मागच्या भिंतीने घेतली, तर खांबांच्या वाट्याला ९०० येते. पडवी तिन्ही बाजूंनी उघडी आहे, खालून घुसणारा वाराही पत्र्याला वर ढकलणार, म्हणून ही वरची शिल्लक हवीच होती. भिंतीच्या बाजूला तुळई अँकर बोल्टने बांधली. तुळईवरून लोखंडी पट्टी वळवून दोन्हीकडून खांबाला बोल्ट केली, रिपांनाही तशाच बारीक पट्ट्या. खिळ्यावर आता काहीच टांगलेलं नाही.

पत्र्याला त्या हुकांऐवजी रबरी वायसरचे स्क्रू घेतले, नळीच्या उंचवट्यावर. खोलगट भागात मारले तर पाणी तिथूनच वाहतं आणि आज ना उद्या गळतं. कडेच्या ओळींत प्रत्येक उंचवट्यावर एक स्क्रू मारायला सांगितला, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "वहिनी, एवढे स्क्रू मारले तर पत्र्याची चाळण होईल." मी वही दाखवली. ते ५-१० सेकंद आकड्यांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "कडेला मारू, मध्ये एकाआड एक." तसंच हवं होतं.

पत्रा पुढे ६० सेंटिमीटर बाहेर आला होता, तो कापून ३० केला. बाहेर आलेली कड म्हणजे वाऱ्याने बोट घालायला ठेवलेली जागा. सासूबाईंना हे आवडलं नाही, दुपारची सावली कमी झाली. खरं आहे, झाली.

कागदावरची चार कामं डावीकडे आली आणि खोडलीही.

२१ मार्च

झाडं. इथे माझी हौस आणि माझं अज्ञान दोन्ही मोठं होतं.

मागच्या बाजूचं मोठं झाड 'वरून छाटून लहान करू' असं आमचं ठरलं होतं. झाडं छाटणारे गृहस्थ आले, त्यांनी साफ नकार दिला. शेंडा उडवला की झाड घाबरल्यासारखे खूप कोंब फोडतं, ते कोंब वरवरच्या सालीला चिकटून वाढतात आणि तीन-चार वर्षांनी पहिल्या फांद्यांपेक्षा सहज मोडतात. शिवाय मोठ्या जखमेतून आतलं लाकूड कुजायला लागतं. त्यांनी वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि घरावर झुकलेल्या फांद्या तेवढ्या काढल्या. वारा झाडातून आरपार जायला हवा, झाडाचं शीड व्हायला नको.

जाड फांदी कापायची पद्धत बघून ठेवली. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश काप. मग त्याच्या थोडं बाहेरून वरून काप, फांदी खाली येते. मग उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून काढायचा, कडं न दुखवता. आपण एका दमात वरून कापतो, फांदी स्वतःच्या वजनाने अर्ध्यात मोडते आणि खोडाची साल लांबवर सोलत नेते. आमच्या झाडावर अशी एक जुनी सोललेली पट्टी आहेच, ती कोणाची कामगिरी ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्यांनी बेचका दाखवला. दोन सारख्या जाडीची खोडं जिथे अरुंद इंग्रजी व्ही अक्षरासारखी फुटतात, तिथे मध्ये साल दबून राहते आणि लाकूड एकमेकांत मिसळतच नाही. बाहेरून दणकट दिसतं, वादळात उभं चिरतं. आमचा बेचका रुंद आहे, सुटलो. बुंध्याशी अळंबी, एका बाजूला माती वर उचललेली, झुकलेल्या झाडाच्या मागच्या बाजूला जमिनीत भेग, यातलं काही दिसलं तर मुळं गेली समजायचं. कोपऱ्यातल्या शेवग्याला यातलं काही नव्हतं, पण त्याचं लाकूड मुळातच ठिसूळ आणि त्याच्या बरोबर खाली पाण्याची मोटर. तो डोक्याच्या उंचीवर आणला. शेवगा पुन्हा फुटतो, त्याची काळजी नाही.

विजेच्या तारेला टेकलेली एक फांदी राहिली. तिला कोणी हात लावायचा नाही. वीज कंपनीकडे अर्ज दिला.

४ एप्रिल

खिडक्या सहा. मागच्या वर्षी काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या होत्या. त्याने काच फुटायची थांबत नाही. फुटल्यावर बारीक तुकड्यांऐवजी चिकटपट्टीला लोंबणारे मोठे धारदार तुकडे होतात, एवढाच फरक. आणखी एक समज आमच्याकडेही होता, वाऱ्याच्या उलट बाजूची एक खिडकी किलकिली ठेवायची, म्हणजे 'दाब सारखा राहतो'. घर काही हवाबंद डबा नसतं, दाब फटींतून आपोआप सारखा होत असतो. उघड्या जागेतून वारा आत घुसला की तो छताला आतून ढकलतो, बाहेरचा वारा वरून ओढतोच आहे, आणि दोन्ही जोर एका दिशेला लागतात. मोठं दार किंवा खिडकी फुटली की छप्पर जातं ते यामुळे. सगळं बंद, शेवटपर्यंत बंद.

सुताराकडून १६ मिलिमीटरच्या प्लायची सहा झाकणं करून घेतली, खिडकीच्या चारही बाजूंना हातभर नाही पण वीतभर भिंतीवर येतील अशी. भिंतीत अँकर कायमचे बसवले, त्यांचे बोल्ट बाहेर डोकावतात. त्या दिवशी झाकण बोल्टांवर अडकवायचं आणि हाताने फिरणारे विंग नट आवळायचे. ड्रिल नको, वीज नको, पाना नको. प्रत्येक झाकणावर नंबर आणि वरची बाजू दाखवणारा बाण, तोच नंबर खिडकीच्या चौकटीवर. एका झाकणाचं वजन १५ किलोच्या आसपास, म्हणून दोघं लागतात.

पहिल्यांदा बसवून बघितलं तेव्हा चार नंबरचं झाकण बसेना. भोकं एक सेंटिमीटर सरकलेली. हे वादळाच्या आदल्या दिवशी कळलं असतं तर!

१९ एप्रिल

आज फक्त पाणी.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. आमची गच्ची ९० चौरस मीटर. दिवसभरात १०० मिलिमीटर पडला तर ९,००० लिटर, आणि ते सगळं दोन नळ्यांनी उतरायचं. मागच्या वर्षी एका नळीच्या तोंडाशी पानं आणि एक तुटका चेंडू अडकला होता. कठडा असल्यामुळे पाणी साचत गेलं. दहा सेंटिमीटर साचलेलं पाणी म्हणजे चौरस मीटरला १०० किलो, संपूर्ण गच्चीवर नऊ टन. हा १०० चा आकडा वाऱ्याच्या हिशोबातही आला होता, एक वर ओढणारा, एक खाली दाबणारा.

नळ्यांवर घुमटासारख्या जाळ्या बसवल्या. सपाट जाळीवर एक मोठं पान बसलं की काम तमाम, घुमटाला बाजूंनी वाट राहते. शिवाय कठड्याला पाच सेंटिमीटर उंचीवर एक जास्तीचं भोक पाडून बाहेर नळीचा तुकडा काढला. खालच्या नळ्या तुंबल्या तर पाणी तिथून पडेल, आणि ते दारासमोर धो धो पडताना दिसेल. म्हणजे तो इशाराही झाला.

अंगणाचा उतार पारदर्शक नळीत पाणी भरून तपासला. भिंतीपासून तीन मीटरमध्ये १५ सेंटिमीटर उतार हवा. मागच्या बाजूला उतार होता, पण घराकडे! वर्षानुवर्षं कुंड्यांची माती ओतून ओतून आम्हीच केलेला. मधल्या खोलीत घोट्याएवढं पाणी कुठून आलं याचं उत्तर एका पारदर्शक नळीने दोन मिनिटांत दिलं. दोन दिवस माती ओढली, कुंपणाच्या कडेने चर काढला. पाठ अजून दुखते आहे.

३ मे

वायरमन येऊन गेले. अर्थिंग तपासलं, करंट गळला की वीज आपोआप तोडणाऱ्या आरसीसीबी स्विचचं टेस्ट बटण दाबून बघितलं, ते पडलं नाही. म्हणजे इतके दिवस ते नुसतं शोभेला होतं. बदललं. विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवला. थेट वीज पडली तर त्याचा उपयोग नाही हे वायरमननेच सांगितलं, तेव्हा महागाच्या वस्तूंचे प्लग काढणं 'त्या दिवशी'च्या रकान्यात राहिलं.

जनरेटर घ्यायचा विचार सोडला. घ्यायचाच झाला तर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब चालवायचा. पडवीत ठेवलेल्या जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि वादळानंतरच्या दिवसांत माणसं त्याने मरतात.

१० मे

पहिली रंगीत तालीम. रविवारी सकाळी आठला मी ओरडले, "वादळ उद्या!" आणि घड्याळ लावलं.

चार तास दहा मिनिटं.

कुठे वेळ गेला ते महत्त्वाचं. खिडक्यांना फक्त पन्नास मिनिटं लागली. कुंड्यांना सव्वा तास. ४१ कुंड्या आहेत हे आज पहिल्यांदा मोजलं. अर्धा तास 'ती पिशवी कुठे आहे' यात. वीस मिनिटं मी आणि नवरा यावरून वाद घालत होतो की सायकल आडवी ठेवायची का आत घ्यायची. आणि शिडी एकदा लागलीच, पडवीच्या पन्हळीसाठी.

मुलाने स्वतःहून एक काम शोधलं, घरातल्या प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, कपाटं उघडून. नुकसान झालं तर आधीची स्थिती दाखवायला. हे २७ कामांत नव्हतं.

१८ मे

तालमीतून निघालेले बदल.

कुंड्या: ४१ पैकी १९ देऊन टाकल्या. राहिलेल्या मोठ्या कुंड्या गच्चीवरून कायमच्या खाली, भिंतीच्या कोनात. लहान चार क्रेटमध्ये, क्रेट उचलून आत.

पिशवी: एकच पाठीवरची सॅक, दाराच्या मागे. टॉर्च, रेडिओ, पॉवर बँक, शिट्टी, प्रथमोपचार, कागदपत्रांच्या प्रती प्लास्टिकमध्ये, सुटे पैसे. तिच्यातून टॉर्च 'जरा' घेणाऱ्याने भांडी घासायची.

पाणी: माणशी दिवसाला चार लिटर, तीन दिवसांचं, चार माणसं, म्हणजे ४८ लिटर. हे पिण्याचं आणि तोंड-हात धुण्यापुरतं. वापरायचं वेगळं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी त्या दिवशी काठोकाठ भरायची, आणि हे नुसतं पाणी हवं म्हणून नाही. रिकामी टाकी २५-३० किलोची, वाऱ्याने उचलून नेण्यासारखी. भरलेली एक टनाहून जास्त.

सासूबाईंचं इन्शुलिन: हे मी विसरलेच होते, त्यांनीच आठवण केली. फ्रीज न उघडता ठेवला तर चारेक तास गार राहतो, पुढे नाही. डॉक्टरांना विचारलं. त्यांची वापरातली कुपी ३० अंशांच्या आत महिनाभर चालते, न उघडलेल्या कुप्यांसाठी थंड पॅक आणि जाड थर्मास. बर्फाला थेट टेकवायची नाही, गोठलेलं इन्शुलिन वाया जातं. हे कागदावर सगळ्यात वर, लाल अक्षरात.

शिडी: पन्हळीची सफाई आता महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी. आणि हंगाम सुरू झाला की शिडी साखळीने बांधून कुलूप, किल्ली सासूबाईंकडे. "शेवटच्या क्षणी मला काहीतरी आठवतं आणि मी चढतो," हे नवऱ्यानेच कबूल केलं. सासूबाईंनी विचारलं, मग द्यायची कधी? तेव्हा वाऱ्याचा जोर ठरवायची ब्यूफोर्टची मोजपट्टी काढली. फ्रान्सिस ब्यूफोर्ट या नौदल अधिकाऱ्याने ती १८०५ मध्ये आखली. पुढे जमिनीवरच्या खुणाही तिला जोडल्या गेल्या, त्यामुळे यंत्र लागत नाही, झाडाकडे बघायचं. मोठ्या फांद्या हलायला लागल्या, तारा शिट्टी घालायला लागल्या, छत्री सांभाळेना, की तो ६ नंबरचा वारा, ताशी ३९ ते ४९ किलोमीटर. आमचा नियम असा ठरला की मोठ्या फांद्या हलत असतील तर किल्ली नाही. सासूबाई म्हणाल्या, एवढं मला चष्म्याशिवायही दिसतं.

२४ मे

दुसरी तालीम. दोन तास पाच मिनिटं. शिडी नाही. पाच मिनिटं सायकलच्या वादाला (आत घ्यायची, ठरलं).

वीज कंपनीची माणसं येऊन तारेजवळची फांदी कापून गेली. दोन महिने लागले. अर्ज मार्चमध्ये दिला म्हणून झालं.

६ जून

इशारा आला. नकाशावर वादळाच्या वाटेची एक रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंनी फुगत गेलेला पट्टा. रेघ आमच्यापासून बरीच लांबून जाते. मागच्या वर्षी आम्ही रेघेकडेच बघत बसलो होतो. पट्टा म्हणजे वादळाचा मध्य कुठेही असू शकेल ती जागा, आणि वारा-पाऊस तर पट्ट्याच्याही बाहेर पोचतो. आम्ही पट्ट्यात आहोत.

'त्या दिवशी'च्या रकान्यात ११ कामं उरली आहेत. उद्या सकाळी आठला सुरुवात.

७ जून

एक तास पन्नास मिनिटं. दहा वाजायच्या आत सगळं बंद. चार नंबरचं झाकण पहिल्याच फटक्यात बसलं.

मग दिवसभर काय करायचं हा प्रश्न पडला. हा प्रश्न मागच्या वर्षी पडला नव्हता. घरात अंधार, सगळ्या खिडक्यांवर प्लाय. शेजारच्या काकांना दोन झाकणं लावायला मदत केली. त्यांना गच्चीवरच्या जाळ्यांचं सांगितलं, ते म्हणाले पुढच्या वर्षी बघू.

दुपारी तीननंतर मोठ्या फांद्या हलायला लागल्या. नवऱ्याला पडवीची एक पट्टी सैल वाटायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "बस खाली."

८ जून

रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंत. वीज साडेअकराला गेली, मेन स्विच आधीच बंद केला होता. आम्ही मधल्या खोलीत, खिडकी नसलेल्या भिंतीला टेकून. वीज चमकली की मुलगा सेकंद मोजत होता, तीनाने भागलं की किलोमीटर. सगळ्यात जवळची दोनावर आली, तेव्हा त्याने मोजणं बंद केलं.

पडवीचा आवाज मी रात्रभर ऐकत होते. मागच्या वर्षी ती फडफडत होती. या वेळी एकच सलग घुं घुं आवाज, बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखा.

दोनच्या सुमाराला वारा जवळजवळ थांबला. नवरा दाराकडे वळला, मीही उठले. मग दोघंही परत बसलो. मध्य डोक्यावरून जात असेल तर अशी शांतता येते आणि मग वारा उलट्या बाजूने येतो. आमच्यावरून मध्य गेला की नाही कोण जाणे, पण पंधरा-वीस मिनिटांनी वारा आला तो दक्षिणेकडूनच.

आणि तिथेच आमची चूक होती. स्वयंपाकघर दक्षिणेला. तिथल्या एग्झॉस्ट पंख्याच्या भोकाचा विचार ना २७ कामांत, ना दोन तालमींत. वाऱ्याने पंखा उलटा फिरायला लागला आणि पाणी आडवं आत. ओट्यावर, डब्यांवर, भिंतीवर. शेवटी ताट उभं धरून त्यामागे उशी दाबून मी आणि मुलगा आळीपाळीने तासभर उभे राहिलो. दोन तासांत बसवलेल्या दिवसाचं उरलेलं काम असं मध्यरात्री सापडलं.

८ जून, संध्याकाळ

उजेड झाल्यावर आधी दारातूनच बघितलं. रस्त्याच्या टोकाला एक तार खाली पडली आहे. तिच्यापासून लांब, दहा मीटरच्या आत कोणी जायचं नाही, 'वीज नाही म्हणजे तारेत वीज नाही' असं धरायचं नाही. वीज कंपनीला कळवलं, मुलाने रस्त्याच्या तोंडाला खुर्ची आडवी ठेवली.

पडवी जागेवर. सगळे पत्रे आहेत. एका खांबाजवळ फरशीला केसाएवढी भेग, नवी की जुनी ते सांगता येत नाही, कारण आधीचा फोटो काढलेला नाही (व्हिडिओ फक्त खोल्यांचा). मागच्या झाडाच्या दोन फांद्या मोडल्या, अंगणातच पडल्या. शेवग्याचा शेंडा गेला, मोटर वाचली. गच्चीच्या एका जाळीवर पानांचा गठ्ठा, पण बाजूने पाणी जात होतं. पाच सेंटिमीटरवरच्या भोकातून रात्री कधीतरी पाणी पडलं असावं, खाली मातीत खळगा आहे. मधली खोली कोरडी.

शेजारच्या काकांच्या गच्चीवर अजून पाणी आहे. ते बादलीने काढतायत. नवरा मदतीला गेला.

९ जून

कागदावर नवीन कामं. एग्झॉस्टच्या भोकाला बाहेरून झडप आणि आतून बसणारं प्लायचं झाकण, नंबर ७. न्हाणीघराच्या झरोक्याला तसंच, नंबर ८. बाहेरच्या बाजूचे फोटो. खांबाजवळच्या भेगेवर पेन्सिलने टोकं मारून तारीख घातली, पसरते का बघायला. दोन नंबरच्या खिडकीचा एक विंग नट सापडत नाही.

इन्शुलिन ठीक. वीज अजून नाही.

दुपारी नवऱ्याला पडवीच्या पन्हळीत अडकलेली फांदी दिसली. त्याने किल्ली मागितली. सासूबाई पडवीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून मागच्या झाडाकडे बराच वेळ बघितलं.

"अजून हलतायत," त्या म्हणाल्या.